चुनेमामांची अकरावी भिंत

दुसऱ्याच्या घरी गेलं की माणसं आधी घरातल्या माणसांची विचारपूस करतात. चुनेमामा आधी भिंतींची करतात. दारातून आत पाऊल पडलं की उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून ते जवळच्या भिंतीवर ठकठक करतात, मान तिरकी करून ऐकतात आणि मग यजमानांकडे वळून विचारतात, "बरं आहे ना?" हा प्रश्न यजमानांना असतो की भिंतीला, हे मला वीस वर्षांच्या ओळखीत उमगलेलं नाही. यजमान बिचारे "बरं आहे, बरं आहे" म्हणतात. मामा म्हणतात, "आवाजावरून वाटत नाही."

एकदा आम्ही दोघं एका ओळखीच्या घरी सांत्वनाला गेलो होतो. घरातले कर्ते गृहस्थ गेले होते. सगळे माना खाली घालून बसलेले, थोरला मुलगा वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगतोय, आणि माझ्या शेजारून हळूच ठकठक. मी मामांच्या हातावर हात ठेवला. ठकठक थांबली. थोड्या वेळाने पाहतो तर मामा जागेवर नाहीत आणि ठकठक खिडकीखालून येतेय. निघताना मामांनी त्या मुलाचे दोन्ही हात हातात घेतले आणि अगदी भरल्या गळ्याने म्हणाले, "गेलेलं माणूस काही परत येत नाही. पण ही खिडकीखालची अजून वाचेल." असल्या माणसाला सोबत का आणलंस, म्हणून मी पुढचे सहा महिने बोलणी खाल्ली. दीड वर्षाने त्याच मुलाने मामांना स्वतःहून बोलावून नेलं. भिंत वाचली.

चुनेमामा जुन्या घरांचे गवंडी. आमच्या गावाच्या जुन्या भागात शंभर-सव्वाशे वर्षांची घरं आहेत. दुमजली, विटांची, चुन्यात बांधलेली, बसमधल्या उतारूंसारखी एकमेकांच्या अंगावर रेलून उभी. एक हललं तर चौघांना ढोसणार. ही घरं न पाडता, जशी बांधली तशीच दुरुस्त करायची, हे मामांचं काम. अंगाने काटकुळे, आवाज मात्र खणखणीत, आणि भुवयांवर कायम पांढरी धूळ. त्यामुळे त्यांचे केस नेमके कधी पिकले हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मामांच्या कामाचा एकच नियम आहे: घराचं ते घराला. जुना गिलावा खरवडला की तो कुटायचा, चाळायचा आणि नव्या चुन्यात मिसळून पुन्हा त्याच भिंतीवर चढवायचा. फुटक्या विटा कुटून त्यांची सुरखी करायची, म्हणजे विटांची भुकटी. ती चुन्यात घातली की पाण्याला भिंत दाद देत नाही. धड विटा घासूनपुसून परत जागेवर. माझ्या स्वयंपाकघराची भिंत त्यांनी केली तेव्हा मी राडारोडा न्यायला टेम्पो सांगून ठेवला होता. टेम्पोवाला आला. मामांनी त्याच्या हातावर गंजलेले मूठभर खिळे ठेवले आणि म्हणाले, "एवढाच निघाला." टेम्पोवाल्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेलो नाही. तेवढ्यात मामी आल्या आणि त्यांनी ते खिळेही परत घेतले. ठोकून सरळ होतील म्हणाल्या.

मामींबद्दल सांगायलाच हवं, कारण मामांच्या हाताला जे यश आहे ते मामींच्या खड्ड्यातून येतं. त्यांच्या परसात चुना विरवायचे तीन खड्डे आहेत. चुन्याची कळी पाण्यात टाकायची, ती उकळून फसफसून विरली की पाण्याखाली झाकून ठेवायची आणि मग विसरून जायचं. जितका जुना तितका लोण्यासारखा. मामी मुलांची वयं चटकन सांगू शकत नाहीत, पण कुठल्या खड्ड्यात किती वर्षांचा चुना आहे हे झोपेतून उठवलं तरी सांगतील. हे खड्डे त्यांच्या वडिलांचे. ते चुन्याच्या कामातले जुने जाणते, आणि चुनेमामा त्यांचे शिष्य. शिष्याने आधी काम उचललं, मग मुलगी मागितली. मामींच्या मते दोन्ही गोष्टींत वडील फसले.

फसले म्हणण्याला कारण आहे. लग्न होऊन वर्ष झालं नाही तोच मामांनी चुना सोडला. तेव्हा सगळीकडे सिमेंटचा बोलबाला होता. चुन्याला महिने लागत, सिमेंट दोन दिवसांत दगड. एका कंत्राटदाराने मामांचा हात हेरला आणि जुन्या घरांच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवायच्या कामावर त्यांना उभं केलं. मामा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते, आणि त्या वयात माणसाला सासऱ्यापेक्षा कंत्राटदार शहाणा वाटतो. तीन वर्षांत मामांनी अकरा घरांच्या अकरा भिंती सिमेंटने मढवल्या. सासरे एक शब्द बोलले नाहीत. ते आपले खड्ड्यात चुना विरवत राहिले. चौथ्या वर्षी पहिली भिंत फुगली. मामा ती उकरायला गेले आणि आतला प्रकार पाहून संध्याकाळी सासऱ्यांच्या खड्ड्यापाशी येऊन बसले. सासऱ्यांनी फावडं पुढे केलं. एवढाच काय तो संवाद, असं मामी सांगतात, आणि पुढे जोडतात की आपण मात्र बरंच बोललो होतो.

चूक करणाऱ्यांची जगात वाण नाही. मीही आपल्या परीने भर घातलेली आहे. पण आपल्या चुकीचा पत्ता लक्षात ठेवून, तिथे जाऊन, दार वाजवून, "ती भिंत मी बिघडवलीय, आता नीट करायला आलोय," असं सांगणारा माणूस मी एकच पाहिला. मामांनी ते एकदा नाही, दहादा केलं. कुणी दार लावून घेतलं, कुणी आरडाओरडा केला, एका आजींनी तर पोलिसांना बोलावते म्हणून दम दिला. पण एकेक करत, पस्तीस वर्षांत दहा भिंती उकरून, वाळवून, पुन्हा चुन्यात उभ्या झाल्या.

राहिली अकरावी. ती घड्याळजींच्या दुकानात होती.

घड्याळजी म्हणजे चौकातल्या कोपऱ्यावरच्या घरात खाली दुकान मांडून बसलेले गृहस्थ. एका डोळ्याला कायम भिंग, त्यामुळे गिऱ्हाइकाकडे ते एकाच डोळ्याने बघतात आणि गिऱ्हाइकाला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटत राहतं. "थोड्या वेळाने या" हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी आलेलं नाही. ते "चार वाजून वीस मिनिटांनी या" म्हणतात, आणि बावीसला गेलात तर घड्याळाकडे बघतात. वरच्या मजल्यावर त्यांची थोरली बहीण राहते. सगळे तिला ताई म्हणतात. दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त आहेत. माणसाचं दुखणं आणि बहाणा यांतला फरक त्यांना जिन्यावरून उतरता उतरता कळतो.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर तीन ओळींत एकोणीस लंबकाची घड्याळं. ती भिंत म्हणजे घड्याळजींचा जीव की प्राण. आरशासारखी सपाट, कुठे खड्डा नाही, लाट नाही. कुणीही आलं की घड्याळजी तिच्यावरून हात फिरवून दाखवायचे आणि म्हणायचे, "ज्याने कुणी ही केली, त्याचा हात सोन्याचा. मी शिकायला परगावी होतो, बाबांनी करून घेतली. नाव कळलं असतं तर जाऊन भेटलो असतो."

आता सांगा, काय करायचं माणसाने? मामा पाच वर्षं त्या दुकानात खरं सांगायला जात होते. निमित्त म्हणून मनगटावरचं चांगलं चालणारं घड्याळ दुरुस्तीला न्यायचे. घड्याळजी ते उघडायचे, काही नाही म्हणायचे, मग भिंतीवरून हात फिरवून सोन्याच्या हाताचं कौतुक सुरू करायचे आणि मामा ते ऐकून परत यायचे. त्या भिंतीइतकं कौतुक त्यांच्या एकाही चुन्याच्या भिंतीला मिळालं नव्हतं. एकदा घड्याळ खरंच बिघडलेलं दिसावं म्हणून मामांनी झाकण उघडून आत चिमूटभर चुना टाकला. घड्याळजींनी भिंगातून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "मामा, याला आतून गिलावा कुणी केला?"

मामी हे सगळं मला सांगत आणि वर म्हणत, "दहा घरी शिव्या खाल्ल्या, तिथे तोंड उघडलं. या एका घरी गोड बोलतात, तर यांची दातखिळी बसलीय."

बोलणं गमतीचं होतं, पण मामींना काळजी होती, आणि मामांना तर फारच. जुन्या भिंतीत जमिनीतून ओल चढते आणि चुन्यातून हळूहळू बाहेर पडते. वरून सिमेंट चढवलं की तिची वाट बंद. मग ती आतच मुरते, विटांच्या सांध्यांतला चुना मऊ करते आणि भिंतीत रुतलेल्या तुळयांची टोकं कुजवते. त्या भिंतीत वरच्या मजल्याची मुख्य तुळई होती. तुळईवर फळ्या, फळ्यांवर ताईंची खाट.

गेल्या वर्षी मी माझं भिंतीवरचं घड्याळ घेऊन निघालो, तेव्हा मामा "मीही येतो" म्हणाले. दुकानात शिरलो तर घड्याळजी खालच्या ओळीतलं एक घड्याळ खुंटीवरून उतरवत होते. ते बंद पडलं होतं. त्यांनी त्याच्या मागे, वरच्या कडेला, पुठ्ठ्याची एक पट्टी घातली आणि पुन्हा टांगलं. घड्याळ चालू झालं. मामा पुढे झाले आणि मागे डोकावले. तिथे एकच पट्टी नव्हती. पत्त्यांच्या अर्ध्या कॅटाइतकी थप्पी होती. त्यांनी शेजारचं पाहिलं. तिथेही थप्पी. खालच्या ओळीतल्या सातही घड्याळांमागे.

मामांनी विचारलं की हे कधीपासून. घड्याळजी म्हणाले, सात-आठ वर्षं झाली असतील. जुन्या घड्याळांची लाकडी पेटी वाकते, लंबक मागच्या फळीला घासायला लागतो, म्हणून वरून थोडा टेकू द्यावा लागतो. दर वर्षी एक पट्टी वाढते. हल्लीच्या लाकडात दम नाही, वगैरे.

सातही पेट्या एकाच बाजूला, एकाच मापाने वाकतात, याचं त्या गृहस्थांना इतक्या वर्षांत नवल वाटलं नव्हतं. सेकंदाचा दहावा भाग चुकला तर ज्याला ऐकू येतो, त्याला भिंतीला आलेलं पोट दिसलं नव्हतं. पण मी हसणार नाही. आपल्या लाडक्याचं पोट सुटलेलं कुणाला दिसतं?

तेवढ्यात वरून ताईंचा आवाज आला, की कपाटाचं दार पुन्हा आपोआप उघडलंय आणि या वेळी बिजागरी बदलणार आहेस की मी सुतार बोलावू. मामांचा चेहरा उतरला. ते परवानगी न विचारता जिना चढले. मागोमाग आम्ही. ताईंच्या शिवणाच्या डब्यातलं दोऱ्याचं रीळ त्यांनी उचललं, एक टोक बोटाला गुंडाळलं आणि रीळ फळ्यांवर आडवं ठेवलं. रीळ घरंगळत निघालं. भिंतीपाशी जाऊन ते आपटेल असं मला वाटलं. ते आपटलं नाही. फळी आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून ते खाली गेलं आणि दोरा तेवढा मामांच्या बोटाला राहिला.

खाली आल्यावर मामा दुकानाच्या मधोमध उभे राहिले.

"घड्याळजी, ही भिंत मी केली."

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. त्यांचे दोन्ही डोळे मी त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र पाहिले.

"काय म्हणालात?"

"मी केली. अडतीस वर्षांपूर्वी. सोन्याचा हात म्हणता ना, तो हा." मामांनी हात पुढे केला. तो हात दिसायला सुरणाच्या गड्ड्यासारखा आहे. "आणि चुकीची केली. भिंतीला घाम येतो, तो निघायला वाट लागते. मी तिला रेनकोट घातला आणि बटणं शिवून टाकली. आत तुळई कुजलीय. पाच वर्षं सांगायला येतोय आणि तुमचं कौतुक ऐकून घरी जातोय. ती माझी दुसरी चूक. पहिलीपेक्षा मोठी."

एकोणीस घड्याळांची टिकटिक चालू होती. घड्याळजींनी समोरच्या टेबलावरचे चिमटे एकेक करून डबीत ठेवले, उठले आणि आम्हाला दार दाखवलं. दुकान बंद झालं तेव्हा एक वाजून पन्नास मिनिटं झाली होती. जेवणाची सुट्टी दोनला असते. सगळ्या चौकाने वळून पाहिलं.

तीन दिवस काही निरोप नाही. मामा घरात येरझारा घालत होते. मामी म्हणाल्या की माणसाने खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात, हे तर दोन्ही वेळचं जेवण टाकून बसलेत. कौतुक गेलं याचं दुःख मामांना नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण झोप उडाली होती ती तुळईने. दोरा बोटाला कसा सैल पडला हेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

चौथ्या दिवशी सकाळी ताई स्वतः मामांच्या परसात हजर झाल्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत.

"मिस्त्री, पाच वर्षं तुम्ही खोटं आजारी घड्याळ घेऊन येत होतात. आणि माझ्या खाटेखालचं लाकूड कुजतंय, हे एकदाही नाही सांगितलंत?"

मामा खड्ड्यातल्या चुन्याकडे बघत राहिले.

"दवाखान्यात अशी माणसं रोज यायची. सांगायचं असायचं छातीतलं, दाखवायचे बोट." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "तो रागावलेला नाही. त्याला लाज वाटतेय. रात्रंदिवस त्या भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि पट्ट्या सारायचा. तो काही 'या' म्हणणार नाही. पण वरचा मजला माझ्या नावावर आहे, मी म्हणतेय. उद्या आठ वाजता या. आठ म्हणजे आठ, आमच्याकडे तसंच असतं."

दुसऱ्या दिवशी मामा पावणेआठलाच चौकात जाऊन उभे राहिले आणि आठाचे ठोके पडल्यावर दारात गेले. घड्याळजी नमस्कार न करता बाजूला झाले. आधी तुळईखाली टेकू लागले, तीन जाड वासे, खाली पाचर मारून घट्ट. ताईंची खाट पुढच्या खोलीत गेली. मग घड्याळजींनी एकोणीस लंबक स्वतःच्या हाताने, एकेक करून थांबवले आणि घड्याळं गादीवर निजवली. शेवटचा लंबक थांबला तेव्हा दुकानात जी शांतता झाली, ती मला तरी सहन झाली नाही. मी उगाच खोकलो.

"एक वीतभर उघडून दाखवा," घड्याळजी म्हणाले. "मग बघू."

मामांनी छिन्नी लावली. दोन घाव घातले. तिसऱ्या घावाला वीतभर नाही, दाराच्या फळीएवढा तुकडा भिंतीपासून सुटून पुढे आला. मामा आणि मी तो दोन्ही हातांनी धरला नसता तर घड्याळजींच्या टेबलावर आला असता. सिमेंटबरोबर विटांची तोंडंही सोलून निघाली होती. आत काळं, ओलं, तळघरासारखा वास. मामांनी तो तुकडा जपून जमिनीवर उभा केला, दोन पावलं मागे सरून पाहिला आणि म्हणाले, "पुढून किती छान आहे बघा."

घड्याळजींनी आपला सगळ्यांत लांब, सगळ्यांत बारीक स्क्रूड्रायव्हर आणला आणि तुळईच्या टोकात खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. लोण्यात जावा तसा. त्यांनी तो बाहेर काढून पुसला, पुन्हा खुपसला, पुन्हा पुसला. मग म्हणाले, "किती दिवस लागतील?"

"दिवसांत नाही सांगता यायचं."

"मग तासांत सांगा."

इथून पुढचे साडेतीन महिने मी रोज काही ना काही निमित्त काढून त्या दुकानात जात होतो. असा खेळ फुकटात बघायला मिळत नाही. एकीकडे मामा, ज्यांना मोजमापाचं वावडं. दुसरीकडे घड्याळजी, ज्यांना मोजल्याशिवाय शिंकही येत नाही. सिमेंट सगळं उतरलं आणि भिंत नुसती उघडी राहिली वाळायला. घड्याळजींनी विचारलं किती आठवडे. मामा म्हणाले, तिला विचारा. घड्याळजी रोज सकाळी भिंतीला गाल लावून उभे राहायचे आणि वहीत टिपायचे: "गार. गार. थोडी कमी गार." एके दिवशी मामांनी वही मागून वाचली आणि मला म्हणाले, "गवंडी व्हायला हवा होता हा माणूस."

तुळईचं कुजलेलं टोक कापून मामांनी जोड दिला. जोडाचं लाकूड एका पाडलेल्या घराच्या चौकटीचं, ऐंशी वर्षं वाळलेलं. जोडात लोखंड नाही, लाकडाच्याच खुंट्या. तो सांधा मामांनी इतका बारीक बसवला की घड्याळजींनी भिंग लावून शोधला, सापडला नाही, आणि तेव्हा त्यांच्या तोंडून पहिल्यांदा "वा" निघालं. मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. टोकाभोवती बोटभर मोकळी जागा ठेवली, वारा खेळायला. मग विटा, त्याच विटा, सोललेली बाजू आत करून.

चुन्यासाठी मामींनी सगळ्यांत जुना खड्डा उघडला. स्वतः दुकानात घमेलं घेऊन आल्या. घड्याळजींनी विचारलं, हा किती जुना. मामी म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी विरवलेला. अकराव्या भिंतीला ठेव म्हणाले होते. जावयाला जमेल याची खात्री नव्हती, तरी ठेव म्हणाले." मामा पाठमोरे होते. ते बराच वेळ पाठमोरेच राहिले.

गिलावा झाल्यावर पाणी मारायचं काम घड्याळजींनी मागून घेतलं. चुन्याला सावकाश सुकावं लागतं, त्याला ओलं ठेवायचं. घड्याळजी दर तीन तासांनी, मिनिट न चुकता, हातपंपाने बारीक फवारा मारायचे. मामा सांगत होते की ढगाळ दिवशी कमी मारा, वारं असेल तर जास्त. दोघांचं यावर कडाक्याचं भांडण झालं. ताईंनी वरून ओरडून दोघांनाही गप्प केलं. शेवटी तह असा झाला, की वेळ घड्याळजी ठरवतील आणि पाणी भिंत ठरवेल.

भिंत आरशासारखी झाली नाही. मामांनी ती थापीने घोटून गुळगुळीत केली, पण कडेने उजेड पडला की हाताच्या फिरण्याची मंद लाट दिसते. घड्याळजींनी ओळंबा लावला, दोरी लावली. सरळ. खालच्या ओळीतली सात घड्याळं त्यांनी पट्ट्यांशिवाय टांगली आणि समोर खुर्ची टाकून दिवसभर बसले. सातही चालली. दुसऱ्या दिवशीही बसले. मला वाटलं, आनंदाने बसलेत. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी मामांना बोलावून घेतलं आणि दार अर्धं लोटून म्हणाले, "एक काम आहे. तुम्ही सोबत याल का?"

आठ वर्षांपूर्वी टायपिंग शिकवणाऱ्या एका बाईंनी आपलं घड्याळ दुरुस्तीला दिलं होतं. त्यांच्या आईचं. घड्याळजींनी ते सगळं उघडून साफ केलं, खालच्या ओळीत टांगलं, तर तीन आठवडे रोज बंद पडायचं. पट्टीची युक्ती तेव्हा सुचली नव्हती. शेवटी त्यांनी बाईंना सांगितलं, याचं आयुष्य संपलं, आता शोभेपुरतं ठेवा. बाई डोळे पुसत घेऊन गेल्या होत्या.

"घड्याळ चांगलं होतं," घड्याळजी म्हणाले. "हे जाऊन सांगायला हवं. मला याची सवय नाही. तुम्ही दहा-अकरा वेळा केलंय."

आम्ही तिघं गेलो. वाटेत मामा त्यांना शिकवत होते: खुर्चीवर बसायच्या आत सांगून टाकायचं. बसलं की हवापाण्याच्या गप्पा सुरू होतात आणि मग पाच वर्षं जातात. आधी चूक, मग कारण. कारण आधी सांगितलं की ती सबब होते. घड्याळजी परीक्षेला निघाल्यासारखे पुटपुटत होते.

बाईंनी दार उघडलं आणि घड्याळजींना पाहून त्यांचा चेहरा उजळला. आम्हाला काही बोलू न देता त्या आत घेऊन गेल्या. बैठकीच्या भिंतीवर ते घड्याळ टांगलेलं, आणि लंबक छान झुलत होता.

"तुम्ही केवढे मोठ्या मनाचे," बाई म्हणाल्या. "दुरुस्त करून दिलंत आणि वर सांगितलंत की शोभेपुरतं ठेवा. घरी आणून टांगलं तर चालूच झालं. आठ वर्षं एक दिवस बंद नाही. मी सगळ्यांना सांगते, काम करावं तर असं, गाजावाजा न करता."

घड्याळजींनी मामांकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. सोन्याच्या हाताचं कौतुक ऐकून पाच वर्षं परत येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर मामींनी ती रोज पाहिली असणार. काही न बोलता निघून यायची याहून चांगली संधी कुठल्याही चूक केलेल्या माणसाला मिळालेली नाही. बाईंनी तर खुर्चीही पुढे केली.

मामांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि ती हळूच मागे ओढली.

घड्याळजी उभेच राहिले. "बाई, मी काही दुरुस्त केलं नव्हतं," ते म्हणाले. "घड्याळ आधीही चांगलंच होतं. माझी भिंत वाकडी होती, आणि मी आठ वर्षं तुमच्या आईच्या घड्याळाला दोष दिला."

बाई गोंधळल्या. मग त्यांनी सगळं विचारून घेतलं, भिंत, पट्ट्या, तुळई, सगळं. नंतर म्हणाल्या की मी तेव्हा दोन रात्री रडले होते, हे तुम्हाला सांगायला हवं. घड्याळजी म्हणाले, हो, सांगायलाच हवं. ते कान लाल होईपर्यंत ऐकत राहिले.

जिना उतरताना मामांनी घड्याळजींच्या दंडाला धरलं.

"पहिल्याच खेपेला जमलं तुम्हाला," मामा म्हणाले. "मी पहिल्या घरी तीनदा दारापर्यंत जाऊन परत आलो होतो."